काटा शिक्क्याला गेला तो दिवस

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी टाइपरायटर सुरू व्हायचा. आई त्रिसरण-पंचशील म्हणून उदबत्ती लावते न लावते, तोच पुढच्या खोलीत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, मुन्शी हबीबचाचा येऊन बसलेले असत आणि दोन बोटांनी अर्ज बडवत असत. वकिलाच्या कारकुनाला आमच्याकडे मुन्शी म्हणतात. मागच्या खोलीत आईचं भाकरी थापणं चालू असायचं, गल्लीत आडतीसमोर हमाल पोती उतरवताना एकमेकांचा उद्धार करायचे, आणि लोखंडी चाकांच्या हातगाड्या फरशीवरून जायला लागल्या की अण्णा समोरच्या अशिलाला हात करून म्हणायचे, "थांबा, हे गाडं जाऊ द्या, मंग बोला." अशील खेड्यातून पहिल्या बसने यायचे, म्हणजे उपाशी यायचे. त्यामुळे आई स्वतःच्या शाळेत शिकवायला जाण्याआधी दोन-चार भाकऱ्या जास्तीच्या टाकून ठेवायची. कारळ्याची चटणी, कांदा आणि असली तर आंबाडीची भाजी. आमच्या घरात खटला हा शब्द मी आधी जेवणाच्या वासासकट शिकले.

ईशान आणि मैत्रेयी, माझ्या नातवंडांनो, तुमचा सगळा कारभार इंग्रजीत चालतो हे मला ठाऊक आहे. तरी हे मी मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर मला ओळखू येणार नाहीत. अडलं तर तुमच्या आईला विचारा.

मी तेव्हा कायद्याची पदवी घेऊन औरंगाबादहून नुकती परत आले होते. शाळेपासून इंग्रजीत शिकलेली, वह्यांना सारख्या रंगाची कव्हरं घालणारी, सनद मिळून तीन महिने झालेली. अण्णा आमच्या कुटुंबातले पहिले वकील. ते कंदिलाच्या उजेडात शिकले होते आणि मला त्यांनी नन्सच्या शाळेत घातलं होतं, त्यामुळे माझ्या इंग्रजीचा त्यांना अभिमान होता आणि थोडी करमणूकही वाटायची. मी आल्या आल्या त्यांच्या कपाटातले लाल फडक्यात बांधलेले सगळे बस्ते सोडले आणि इंग्रजी अकारविल्हे लावून त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढचे तीन दिवस हबीबचाचांना एकही कागद सापडला नाही. "साहब," ते अण्णांना म्हणाले, "ये कपाट तो अब विलायत चला गया. इसको वापस लाने का खर्चा कौन देगा?" अण्णा हसले, पण चिठ्ठ्या काढू दिल्या नाहीत. मी मनातून बँकेच्या अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची ठरवून बसले होते. वकिली हा मला फार अव्यवस्थित धंदा वाटायचा.

त्या दिवसांत निवृत्तीभाऊ आमच्या पायरीवर येऊन बसू लागले. वडीगोद्रीजवळ त्यांची थोडी शेती होती आणि त्यांची बायको केशरबाई हमरस्त्यावर चहा-भाकरीचं हॉटेल चालवायची. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चूल, दोन बाकडी. शहागडचा पूल ओलांडून येणारे ट्रक तिथे थांबायचे. ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. परतीच्या फेरीत घेऊ म्हणून ते आपलं काहीबाही केशरबाईकडे ठेवून जायचे: कुणाचं पांघरूण, कुणाचा लोणच्याचा डबा, कुणाची घरी द्यायची साडी. तिने त्यासाठी भिंतीला एक फळी ठोकली होती. कुणाचं काय, हे तिला तोंडपाठ असायचं, आणि डबा उघडून बघणं तिला कमीपणाचं वाटायचं. एका सकाळी पोलिसांची गाडी आली. फळीवरच्या एका डब्यात अफूची पुडी निघाली. केशरबाईला उचललं आणि ती कोठडीत गेली ती सुटलीच नाही. अफूचा कायदा तेव्हा नवा आणि फार कडक होता. शाबीत झालं तर दहा वर्षांची सक्तमजुरी, त्यापेक्षा कमी द्यायची न्यायाधीशांनाही मुभा नव्हती. जामीन दोनदा फेटाळला गेला होता.

निवृत्तीभाऊंनी पहिले दोन दिवस आमच्याकडचा चहा "नको, आत्ताच झाला" म्हणून नाकारला. तिसऱ्या दिवशी घेतला. आठव्या दिवशी ते आईच्या हातची भाकरी खात होते. आईने या गोष्टीचा कधी उल्लेख केला नाही. मी मात्र ध्यानात ठेवली.

पंचनामा म्हणजे झडतीच्या जागी, दोन साक्षीदारांसमोर, काय सापडलं ते तिथल्या तिथे लिहून काढायचं. या पंचनाम्यात डब्याचा उल्लेखच नव्हता. त्यात लिहिलं होतं की पुडी केशरबाईच्या कमरेच्या ओच्यात मिळाली. म्हणजे डबा दुसऱ्याचा, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच उरली नाही. पुढे लिहिलं होतं की तिची अंगझडती 'एका प्रतिष्ठित महिलेमार्फत' घेतली. महिलेचं नाव नाही, सही नाही. मॅजिस्ट्रेटसमोर किंवा बड्या अधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे असं तिला समजावलं, आणि तिने नको म्हटलं, असंही होतं. शेवटी, सकाळी अकरा वाजता गावातल्या किराणा दुकानदाराचा काटा मागवून माल जागेवर तोलला, अडीचशे ग्रॅम भरला, लाखेने सील केला.

मी कायद्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसले आणि दुपारपर्यंत चार पानी टिपण तयार केलं. बाईची झडती बाईनेच घ्यायची. हक्क सांगितलाच पाहिजे. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते पान चघळत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बराबर आहे," ते म्हणाले. "सगळं बराबर आहे. त्या बाईला भेटलीस का?"

"नाही."

"मंग हे कुणाचं टिपण आहे?"

तारखेला केशरबाईला कोर्टात आणलं तेव्हा मी व्हरांड्यात तिच्याशेजारी जाऊन बसले. पन्नाशीच्या आतली, उंच, हातावर चुलीचे डाग. सोबतची शिपाईबाई जरा लांब सरकली. मी माझ्या शुद्ध भाषेत विचारलं की आपली अंगझडती कोणी घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नव्या कोटाकडे.

"तुमी वकीलसायबाच्या लेक का?"

"हो."

"लगीन झालं न्हाई अजून?"

"नाही."

"मंग कशाला इचारून राह्यल्या असलं?" तिने मान फिरवली. मग खाली बघत ती बोलली. "बाई कुठली आली तिथं. त्यो ढेरीवाला जमादार होता. डबा सापडला, तरी म्हने हिच्या अंगावर आजून आसंल. पदर वढला. कमरंला हात घातला. चूल पेटल्याली, आन बाकड्यावर चहा पिनारे बसल्याले."

"हे कोर्टात सांगावं लागेल, केशरबाई. यावरच सगळं आहे."

"न्हाई."

"दहा वर्षं..."

"धा काय, ईस द्या. बघनारे सगळे परगावचे होते, गाड्या घेऊन गेले निघून. आमच्या मालकाला म्हाईत न्हाई. कळलं तर त्यो त्या जमादाराच्या अंगावर जाईल, न्हाईतर हिरीत उडी टाकील. तुमी दुसरं काय तरी बघा." आणि मग, मला समजावत असल्यासारखं, "बाई, तुमी शिकल्याल्या हाव. दुसरं काय तरी आसंलच की."

आता मला कळतं की कोर्टात कायद्यापेक्षा लाज जास्त खटले हरवते. त्या दिवशी मला तिचा फक्त राग आला. माझ्या टिपणाचा पायाच ती काढून घेत होती.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तिच्यावर जबरदस्ती करायची न्हाई. ती म्हणते ना दुसरं बघा, तर बघ. हबीबभाईंना घेऊन वडीगोद्रीला जा."

आम्ही एस.टी.ने गेलो. हॉटेल बंद होतं, फळी रिकामी. तिथून किराणा दुकानात गेलो. दुकानदार मोतीकाका कपाळाला आठ्या घालून गूळ फोडत होते. हबीबचाचा त्यांच्याशी ओळख काढण्यात रमले आणि मी माझ्या सवयीने भिंतीवरचं सगळं वाचायला लागले. कॅलेंडर, उधारी बंदची पाटी, आणि काचेच्या चौकटीत लावलेला वजनमापे खात्याचा दाखला. दर वर्षी दुकानदारांना काटा आणि वजनं तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. त्यासाठी तालुक्याला शिबिर भरायचं आणि सगळ्या गावांचे काटे तिकडे जायचे. दाखल्यावर शिबिराचं गाव होतं अंबड, आणि तारीख होती पंचनाम्याची. तीच. मी ती तीनदा वाचली.

"काका, या दिवशी तुमचा काटा कुठे होता?"

"अंबडला. पोरानं पहिल्या गाडीनं नेल्ता, दिवस मावळताना आणला. का?"

"तुमच्याकडे दुसरा काटा आहे?"

"एकच हाय. हे गाव हाय का मुंबई?"

आम्ही का आलो ते हबीबचाचांनी सांगितलं तशी मोतीकाकांनी गुळाचा बत्ता खाली ठेवला. "पोलिसांच्या इरुद? न्हाई बा. मला हितंच धंदा करायचाय."

आतून पडद्यामागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "जाऊन या. केशर तिकडं कोंडून हाय आन तुमी हितं गूळ कुटून राह्यले."

"तू गप."

"गप कशाला? तिच्या हातचा चहा पेताना पोलिसाला इचारून पेत व्हते का?"

हबीबचाचांनी रुमाल तोंडावर धरला. मोतीकाकांनी आमच्याकडे न बघता विचारलं, "तारीख कवा हाय?"

परतीच्या बसमध्ये मी इतकी खुशीत होते की शहाण्या माणसाने विचारायचा एक प्रश्न विचारायचा राहिला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आधी सरकारी साक्षीदार झाले. अण्णांनी पंचांची आणि जमादाराची उलटतपासणी घेतली. अण्णा कधी आवाज चढवत नसत. काटा कुणाचा होता, कुणी आणला, दुकानात कोण होतं, असं ते गप्पा मारल्यासारखं विचारत गेले आणि दोघे पंच आणि जमादार, तिघांनीही शपथेवर सांगितलं की काटा मोतीकाकांचाच, तोल जागेवरच, वेळ सकाळी अकराच. प्रतिष्ठित महिला कोण, तर नाव आठवत नाही. मग बचावाच्या साक्षीदाराची वेळ आली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "हा तुझा."

मी सहा प्रश्न लिहून आणले होते. सहाही बरोबर बसले. दाखला दाखल झाला. मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि मागच्या बाकावर निवृत्तीभाऊ पुढे वाकून बसले होते.

मग सरकारी वकील उठले. अनुभवी गृहस्थ, हसरे. "काका, त्या दिवशी दुकान बंद होतं का?"

"न्हाई. चालू व्हतं."

"गिऱ्हाईक आलं?"

"आल्तं की. बाजारचा दिवस व्हता."

"साखर, डाळ, चहापत्ती विकली?"

"इकली."

काटा नाही तर विकलं कशावर? हाच तो राहिलेला प्रश्न. आता ते म्हणतील, दुसरा, बिनशिक्क्याचा काटा होता. तसा ठेवणं गुन्हा, म्हणजे मोतीकाका चमकतील, अडखळतील, आणि सगळं गेलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"काटा तर म्हणता अंबडला," सरकारी वकील कोर्टाकडे वळून हसत म्हणाले. "मग विकलं कसं? डोळ्यांनी तोलून?"

"पुड्या," मोतीकाका म्हणाले.

"काय?"

"पुड्या बांधल्या व्हत्या, साहेब. दर साली काटा शिक्क्याला जायच्या आदल्या दिशी आमी घरातली सगळी बसतो आन पुड्या बांधतो. पावशेरच्या येगळ्या, छटाकाच्या येगळ्या. साखरंला निळा दोरा, डाळीला पांढरा. बायको मोजती, म्या गाठ मारतो. आक्खी वडीगोद्री त्या दिवशी पुड्याच नेती. कुनालाबी इचारा. पोलिसानं बी नेली व्हती, चहापत्तीची. ह्ये जमादारच आल्ते. म्हनले तोलून दे, म्या म्हनलं आज काटा न्हाई, पुडी घ्या."

आधी शिरस्तेदार हसले, मग मागची बाकडी, आणि न्यायाधीशांनी लेखणी वर धरून सगळ्यांना गप्प केलं तरी त्यांच्या स्वतःच्या मिशा हलत होत्या. "जमादार कधी आले होते?" त्यांनी स्वतः विचारलं.

"त्याच सकाळी. धाच्या टायमाला. गाडी केशरच्या हाटेलाकडं जायच्या आदी."

म्हणजे अकराच्या तोलाचं लिहिणाऱ्याला दहालाच ठाऊक होतं की गावात काटा नाही. पंचनामा जागेवर लिहिलाच नव्हता. ठाण्यात बसून, नेहमीच्या सवयीने, नेहमीच्या दुकानदाराचं नाव घालून लिहिला होता.

अण्णा उठले. मला वाटलं आता ते युक्तिवादाची परवानगी मागणार. पण त्याआधी आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"साहेब, मला बी बोलायचंय."

अण्णांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी क्वचितच आश्चर्य पाहिलं आहे. ते तिच्याजवळ गेले, दोघांचं काही बोलणं झालं, आणि त्यांनी कोर्टाला अर्ज दिला की आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष द्यायची आहे. न्यायाधीशांनी ती कशाबद्दल हे विचारलं आणि उत्तर ऐकून लेखणी खाली ठेवली. "बाई, हवं असेल तर मी कोर्ट रिकामं करतो. ही माणसं बाहेर जातील."

केशरबाईने मागे पाहिलं. निवृत्तीभाऊ तिथे बसले होते.

"कशाला, साहेब? झडती सगळ्यांच्या समोर घेतली. सांगनं बी सगळ्यांच्याच समोर व्हऊ द्या."

आणि तिने सांगितलं. पदर, कमर, चूल, बाकडी. कुणी बाई नव्हती. मॅजिस्ट्रेटचं कुणी बोललं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं? ती म्हणाली, "त्यो दुकानदार पोलिसाला भिऊन बी हितवर आला. मंग म्या कुनाला भ्यायचं?" सरकारी वकील खाली बसले.

निवृत्तीभाऊ उठले तेव्हा जमादार दाराशीच उभे होते. पण निवृत्तीभाऊ दाराकडे गेले नाहीत. ते पुढे आले आणि वकिलांच्या बाकावर, माझ्या शेजारी, पिंजऱ्याच्या सगळ्यांत जवळच्या टोकाला बसले. शिपाई त्यांना उठवायला धावला. न्यायाधीशांनी मान हलवून त्याला थांबवलं.

मी बँकेची परीक्षा दिली नाही. त्यानंतर मी चाळीसच्या आसपास वर्षं जालन्याच्या कोर्टात झडतीचेच खटले जास्त लढले, बरेच जिंकले, काही हरले, आणि राहिलेला प्रश्न आधी स्वतः विचारायला शिकले. आता म्हणे झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करावं लागतं. चांगलंच आहे. पण कॅमेरा कधी सुरू केला आणि कधी बंद केला, हे विचारणारं कुणीतरी लागणारच.

त्या खटल्याचा निकाल इंग्रजीत लागला. झडती बेकायदा, पंचनामा अविश्वसनीय, आरोपी निर्दोष. सुटकेचे कागद झाल्याबरोबर केशरबाई आमच्या पुढच्या खोलीत आल्या होत्या आणि आई त्यांना वाढत होती. मी त्यांना निकालाचा अर्थ सांगत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्यात म्या बोलल्यालं लिव्हलंय का?"

"लिहिलंय."

"वाचा मंग."

मी चौदावा परिच्छेद काढला आणि एकेक इंग्रजी वाक्य त्यांच्या भाषेत परत नेत वाचलं. जमादार. पदर. कमर. बाकडी. आपली झडती सगळ्यांसमोर झाली म्हणून आपण सगळ्यांसमोर सांगतो, असं आरोपी म्हणाली आणि तिच्यावर अविश्वास ठेवण्याचं कोर्टाला कारण दिसत नाही. निवृत्तीभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. हातगाडी गेली, मी थांबले, मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

केशरबाईंनी स्वच्छ डाव्या हाताचं बोट त्या परिच्छेदावर ठेवलं, अक्षरं वाचता येत नसताना.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.